भेटीची मोटार आणि हप्त्यांचा संसार

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या सकाळी मीरा रोडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकापाशी झेंडूच्या माळा घातलेली मोटार उभी राहते. तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक असते, चाकाखाली लिंबू असते आणि शेजारी पेढ्यांचा पुडा हाती घेतलेले कुटुंब उभे असते. मोटार विकत घेतलेली नसते. परदेशी असलेल्या धाकट्या भावाने, निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या वडिलांनी, किंवा लेकीची लोकलमधली ओढाताण पाहवेनाशी झालेल्या सासऱ्यांनी ती हौसेने दिलेली असते. शेजारी अभिनंदन करतात, मुले हॉर्न वाजवून पाहतात. या आनंदात एकच माणूस थोडा गप्प असतो. घरकर्जाचा हप्ता, पगारदारांच्या पतसंस्थेचे कर्ज आणि आजारपणात घेतलेली हातउसनी रक्कम यांचा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असतो. या मोटारीचे पेट्रोल त्यातल्या कोणत्या रकान्यातून काढायचे, हे त्याला अद्याप सुचलेले नसते.

हा माणूस काल्पनिक असला तरी त्याची अडचण काल्पनिक नाही. कर्ज फेडीत असलेल्या माणसाला आप्तांनी मोटार भेट द्यावी, हे वरकरणी भाग्य वाटते. परंतु ही भेट घरात येते तेव्हा तिच्यामागोमाग खर्च, कायदा, लोकापवाद आणि उपकाराचे ओझे ही चार मंडळीही आत येतात. त्यांचे स्वागत कसे करायचे, याचा विचार देणाऱ्याने केलेला नसतो आणि घेणाऱ्याला तो बोलून दाखवता येत नाही.

दहिसरपलीकडचा संसार

मीरा-भाईंदरची वस्तीच मुळी कर्जाच्या आधारावर वाढलेली आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. मिठागरे, आगरी-कोळ्यांची व ख्रिस्ती शेतकऱ्यांची गावे, उत्तनची मासेमारी असा हा परिसर होता. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ पर्यंत आठ लाखांवर गेली. गिरगाव, परळ, दादर येथील दहा बाय बाराच्या खोल्या सोडून आलेल्या कुटुंबांनी दहिसरची वेस ओलांडली ती एवढ्याचसाठी, की वेशीपलीकडे स्वतःचे दोन खोल्यांचे घर हप्त्याने का होईना, पण घेता येत होते. त्या घराची किंमत दोन प्रकारे चुकती होऊ लागली. एक हप्ता बँकेला दरमहा जात राहिला आणि दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ लोकलच्या दारात उभे राहून देहाने भरला जाऊ लागला.

या दुसऱ्या हप्त्याची दया येऊनच बहुधा कुटुंबातील कोणीतरी मोटार देतो. त्यातच मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी मिळाली आणि दहिसर नाक्यावरचा तो अडसर दूर झाला. मोटारीचा मोह वाढावा असे हे वातावरण आहे. परंतु भाईंदरहून चर्चगेटला जाणारा कारकून मोटार मिळाली म्हणून लोकलचा पास सोडत नाही. सोडला, तर त्याचा पगार पेट्रोलपंपावर संपेल. म्हणजे मोटार सहा दिवस इमारतीखाली उभी राहते आणि सातव्या दिवशी उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येते. इमारतीखालची जागाही आता फुकट राहिलेली नाही. अनेक संस्थांत वाहनतळाच्या जागेसाठी दरमहा आकार असतो आणि तिच्यावरून सर्वसाधारण सभेत तंटे होतात. मोटार नोंदवण्यापूर्वी ती उभी करण्याची जागा दाखवावी, अशी अट घालण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने चर्चेला आणला, तो याच अडचणीतून.

चार आण्याची कोंबडी

भेट फुकट असते. ती पोसणे फुकट नसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मोटारीला जितकी चपखल बसते तितकी क्वचितच दुसऱ्या वस्तूला बसत असेल. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. मोटार उभी राहिली तरी त्याचा हप्ता थांबत नाही. त्यावर दुरुस्ती, टायर, बॅटरी, धुणावळ आणि पेट्रोल. शिवाय मोटार आहे म्हटल्यावर नातलगांना स्थानकावरून आणण्याचे, लग्नकार्यात ती पाठवण्याचे आणि शेजारच्या आजारी माणसाला रात्री-अपरात्री इस्पितळात पोहोचवण्याचे कर्तव्य आपोआप अंगावर येते. त्यातले शेवटचे कर्तव्य मोलाचे आहे, हे खरे. पण त्याचाही खर्च असतोच.

या खर्चाला कर्जाच्या शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे खरे चित्र दिसते. वीस लाख रुपयांचे घरकर्ज, मुदत वीस वर्षे आणि व्याज दर साल नऊ टक्के, असे समजा. याचा मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १५,००० रुपये नुसत्या व्याजात जातात आणि मुद्दलातून तीन हजारही फिटत नाहीत. पाच वर्षांत कर्जदार जवळजवळ १० लाख ८० हजार रुपये भरतो, तरी मुद्दल फिटते ते सुमारे सव्वादोन लाख. त्याच पाच वर्षांत मोटारीचे काय होते? विमा ठरवताना मोटारीच्या किमतीतून वयानुसार जी घट धरण्याचा प्रघात आहे, तीप्रमाणे चार ते पाच वर्षांच्या मोटारीची निम्मी किंमत उतरलेली असते. कर्ज गोगलगायीच्या गतीने उतरते आणि मोटारीची किंमत घसरगुंडीवरून खाली येते.

आता याच उदाहरणात भावाने मोटारीऐवजी तीन लाख रुपये कर्जाच्या आरंभीच मुद्दलात भरले, असे समजा. हप्ता तोच ठेवला तर २४० हप्त्यांचे कर्ज सुमारे १६५ हप्त्यांत फिटते. सव्वासहा वर्षे वाचतात आणि दिलेले तीन लाख वजा जाता साडेदहा लाखांच्या आसपास व्याज वाचते. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जात व्यक्तीने मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास बँकेने दंड आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०१२ पासून आहे. म्हणजे ही वाट कोणालाही मोकळी आहे. तरीही तिच्यावरून फार थोडे नातलग जातात. कारण उघड आहे. मुद्दलात भरलेल्या रकमेला झेंडूची माळ घालता येत नाही आणि तिच्यासमोर उभे राहून छायाचित्रही काढता येत नाही.

आहेर परतवावा लागतो

मराठी कुटुंबात भेटीला एक जुने शास्त्र आहे. लग्नाच्या मांडवात वहीवर आहेर लिहून घेण्याची पद्धत होती. ती वही आठवण म्हणून ठेवलेली नसे. पुढे कोणाला किती परत करायचे, याची ती खातेवही असे. घेतलेला आहेर तोलामोलाने परतवावा लागतो, ही समजूत आजही मोडलेली नाही. साडीचोळीचा आहेर साडीचोळीने फिटतो. मोटारीचा आहेर कशाने फेडायचा?

तो बहुधा मानाने फेडला जातो. ज्याने मोटार दिली त्याच्या शब्दाला घरात वजन येते. मुलीचे लग्न कोठे करावे, आईवडिलांना कोणी सांभाळावे, गावाकडच्या जमिनीची वाटणी कशी व्हावी, अशा प्रसंगी कर्जदार भावाचा आवाज आपोआप खाली येतो. देणाऱ्याच्या मनात असे काही नसते, पण घेणाऱ्याच्या मनात ते असतेच. सासऱ्याकडून मोटार आली असेल, तर ही गुंतागुंत अधिकच वाढते. लग्नाच्या संबंधात मागून घेतलेली मोटार ही भेट नव्हे. ती हुंडा होय आणि १९६१ च्या कायद्याने तो देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. न मागता, प्रेमाने दिलेल्या मोटारीचा प्रश्न वेगळा. पण तिथेही सुनेला किंवा मुलीला पुढे ऐकावे लागणारे टोमणे कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसतात.

कायद्याच्या नजरेत

कर्जदाराविषयी कायदा निष्ठुर असतो, हा समज अर्धाच खरा आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करू नये, हा दामदुप्पटीचा नियम या भूमीतला जुनाच. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, सावकारांची कर्जखते जाळली गेली, आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम आजही ऋणकोच्या अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे, धर्माने स्त्रीच्या अंगावरून काढू नयेत असे दागिने आणि कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळते. पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यांत पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांनाही हात लावता येत नाही. नुसत्या गरिबीमुळे पैसे देऊ न शकणाऱ्याला तुरुंगात टाकणे घटनेला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले.

मात्र वगळलेल्या वस्तूंच्या या यादीत हौसेच्या मोटारीला स्थान नाही. कर्जदाराच्या नावावर मोटार झाली की ती त्याची मालमत्ता झाली. हुकूमनामा असलेल्या धनकोला ती जप्त करून घेता येते. ऐपत असून देत नाही, या आरोपाला तर ती दारात उभा असलेला पुरावाच ठरते. नादारीची पाळी आलेल्या माणसाची स्थिती आणखी बिकट आहे. या बाबतीत मुंबईला १९०९ चा आणि ठाणे जिल्ह्याला १९२० चा, असे दोन वेगळे कायदे लागू आहेत. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग, कंपन्यांना जामीन राहिलेल्यांचा अपवाद सोडता, अमलात आलेला नाही. दहिसर ओलांडले की कायद्याचे पुस्तक बदलते ते असे. १९२० च्या कायद्याचा दंडक स्पष्ट आहे: नादार ठरल्यानंतर आणि त्यातून मुक्त होण्यापूर्वी जी मालमत्ता त्या माणसाकडे येईल, ती न्यायालयाच्या अथवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्याची. भावाने प्रेमाने दिलेली मोटार अशा वेळी भावाच्या प्रेमासकट धनकोंच्या वाट्याला जाते.

मग मोटार देणाऱ्याच्याच नावावर राहू द्यावी आणि वापर तेवढा कर्जदाराने करावा, अशी युक्ती अनेक जण सुचवतात. पण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी, ज्याच्या नावावर मोटार नोंदलेली आहे त्याच्यावर येते. मोटार प्रत्यक्षात दुसऱ्याला देऊन टाकली होती, हे सांगून सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. कागदावर मोटार पुण्याच्या वडिलांची आणि धडक काशिमीऱ्याच्या चौकात, असे झाले तर उतारवयात वडिलांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून मोटार द्यायची तर परिवहन कार्यालयात रीतसर नावावर करून द्यावी, विमाही नावावर करावा, आणि तिच्यावर आधीच्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवून घ्यावा. वापरायलाच द्यायची असेल, तर ती भेट आहे असे म्हणू नये. तिला उसनी मोटार म्हणावे.

जामीनदाराचे डोळे

बँक हप्त्याची पावती पाहते, दारातली मोटार पाहत नाही. ती पाहतो जामीनदार. शिक्षक आणि कारकून यांच्या जगात हा जामीनदार म्हणजे शेजारच्या टेबलावरचा किंवा शेजारच्या वर्गावरचा सहकारी. पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढताना त्याने मित्राखातर सही केलेली असते. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे वसुलीचा दाखला मिळाला की जामीनदाराच्याही मालमत्तेला हात घालता येतो.

ऋणकोचे हप्ते थकले, जामीनदाराच्या मागे तगादा लागला आणि त्याच महिन्यात ऋणकोच्या दारात मोटार आली, तर त्या सहकाऱ्याला काय वाटेल? मोटार भेटीची आहे, हे त्याला सांगितले जाईल. ते तो ऐकेल आणि कदाचित त्यावर विश्वासही ठेवील. परंतु तिच्या पेट्रोलला पैसे आहेत आणि हप्त्याला नाहीत, ही गोष्ट त्याच्या मनातून जाणार नाही. कर्जबाजारी माणसाची खरी पुंजी म्हणजे त्याची पत, आणि ती बँकेच्या संगणकात जेवढी असते त्याहून अधिक अशा चार माणसांच्या मनात असते. तिथली पत एकदा गेली की कोणत्याही व्याजाने ती परत मिळत नाही.

शास्त्रीजींची फियाट

मोटार, कुटुंबाची हौस आणि कर्ज या तिन्हींचा विचार करताना लालबहादूर शास्त्रींची आठवण येणे अपरिहार्य आहे. पंतप्रधान झाल्यावर मुलांनी घरची मोटार घेण्याचा आग्रह धरला. फियाटची किंमत बारा हजार रुपये होती आणि पंतप्रधानांच्या खात्यात सात हजार होते. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललिता शास्त्रींनी पुढे निवृत्तिवेतनातून ते फेडले. ती फियाट दिल्लीच्या शास्त्री स्मारकात ठेवलेली आहे.

या हकिकतीचा उल्लेख सहसा शास्त्रीजींच्या सचोटीसाठी होतो, आणि तो योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक धडा आहे. मोटार घरातल्या सर्वांच्या हौसेने आली. देणे मात्र अखेर एकीच्या निवृत्तिवेतनावर आले. कुटुंबाची हौस सामायिक असते, हप्ता सामायिक असतोच असे नाही. आणि शास्त्रीजींच्या घरी जे घडले त्यातली मोठी गोष्ट ही, की बारा हजारांपैकी आपल्याजवळ किती आहेत आणि किती नाहीत, हे आधी मोजले गेले.

नाही म्हणण्याचा अधिकार

याचा अर्थ कर्जदाराच्या घरी मोटार येऊच नये, असा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागत असेल, रात्रपाळी संपल्यावर घरी परतण्याचे दुसरे साधन नसेल, किंवा मोटारच रोजीरोटीचे साधन होणार असेल, तर तिला चैन म्हणणे हा अन्याय होईल. कर्ज फेडणाऱ्याने फाटकेच नेसावे आणि पायीच चालावे, अशी अपेक्षा ठेवणारा समाजही काही भला नव्हे. हप्ते नियमित भरणाऱ्या माणसाने वडिलांची जुनी मोटार वापरली म्हणून कोणाचे काही लुबाडले असे होत नाही. आयकराच्या नियमांतही जवळच्या नातलगांकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही. प्रश्न मोटारीचा नाही; विचारण्याचा आहे. भेट देण्यापूर्वी घेणाऱ्याला विचारले काय, आणि विचारल्यावर त्याला खरे बोलता आले काय?

आपल्याकडे भेट गुपचूप आणून चकित करण्यात मोठी मौज मानली जाते. साडी, घड्याळ, पुस्तक यांच्या बाबतीत ती मौज ठीक आहे. ज्या वस्तूला दरमहा खाऊ घालावे लागते तिच्या बाबतीत असे चकित करणे म्हणजे दुसऱ्याच्या अंदाजपत्रकात त्याला न विचारता हात घालणे होय. उलट कर्जदारही बहुधा आपले देणे आप्तांपासून लपवून ठेवतो. हप्ता थकल्याचे भावाला सांगण्याऐवजी तो पतसंस्थेची दुसरी पायरी चढतो. भावाला वाटते, सगळे ठीक चालले आहे, आता फक्त मोटार तेवढी नाही. एकाची लाज आणि दुसऱ्याची हौस यांच्या संगमातून नको असलेली मोटार दारात येते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बक्षिसाची जी व्याख्या आहे, ती या संदर्भात मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. देणाऱ्याने स्वेच्छेने आणि मोबदल्यावाचून दिले, एवढ्याने बक्षीस पुरे होत नाही. घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. स्वीकारावाचून दान नाही. त्याच कायद्यात बोजा असलेल्या बक्षिसाचाही विचार केलेला आहे. ते घ्यायचे तर बोजासकट घ्यावे, त्यातले सुखाचे तेवढे उचलून चालत नाही, असे तो सांगतो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे उमगले होते, ते घरातल्या बैठकीत उमगायला हरकत नसावी. भेट नाकारणे हा देणाऱ्याचा अपमान नाही. तो घेणाऱ्याचा अधिकार आहे.

हा अधिकार वापरण्याची भाषा मात्र आपण शिकलेलो नाही. "दादा, मोटार नको, माझ्या घराचे सहा हप्ते भर," हे वाक्य उच्चारायला जितके धैर्य लागते तितके कर्ज काढायलाही लागत नाही. कारण कर्ज अनोळखी माणसाकडे मागायचे असते आणि हे वाक्य स्वतःच्या माणसापाशी बोलायचे असते. ज्या घरात ते वाक्य बोलता येते आणि दादाला ते ऐकून घेता येते, त्या घरातला संसार हप्त्यांचा असला तरी कर्जबाजारी नव्हे. अशा घरापुढे झेंडूच्या माळा घातलेली मोटार पाडव्याला दिसणार नाही. पण एके दिवशी बँकेतून घराची मूळ कागदपत्रे परत येतील. त्या दिवशी दादालाही जेवायला बोलवावे. तो लोकलने आला तरी चालेल.